बावीस जाकिटं आणि एक वाढलेली टेप

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खरोखरच वाकून. गेल्या आठवड्यापासून पाठ सरळ होत नाही; कारण पुढे येईलच.) तुझे गुडघे, तुझा नवा चष्मा आणि तुझा तो ट्रंपेट शिकणारा शेजारी, या तिघांचं कसं काय चाललंय ते कळव. पहिले दोन सुधारले असतील आणि तिसऱ्याने नाद सोडला असेल, तर मला सारखाच आनंद होईल. आम्ही दोघं बरे आहोत. दुकान चालू आहे. तुझी भावजय माझ्यावर चिडलेली आहे. म्हणजे तिचीही तब्येत उत्तम आहे.

तुझं पत्र पोचलं. पाकीट फोडायच्या आधीच कळलं की तू रागावली आहेस, कारण एरवी तू पत्ता घालताना माझ्या नावामागे 'चिरंजीव' लावतेस आणि या वेळी नावापुढे नुसतंच 'टेलर' लिहिलंस. आत मजकूर तीन ओळींचा. पोरगी फोनवर 'हो' आणि 'बरं' यापलीकडे बोलत नाही, तिकडे काय झालंय ते खरं लिही, आणि गोल गोल लिहू नकोस. ताई, आता लिहायला हरकत नाही, कारण आता बरं आहे. तू घाबरत घाबरत वाचू नयेस म्हणून आधी शेवटच सांगून टाकतो: तुझ्या नातीने आज सकाळी दोन अंडी, तीन पाव आणि माझ्या ताटातला अर्धा बटाटा खाल्ला. माझा जीव भांड्यात पडला आहे. आता बैस आणि वाच.

तुझ्या लेकाने आणि सुनेने तिला नववीसाठी आमच्याकडे ठेवलं तेव्हा ही पोरगी कशी होती ते तुला माहीतच आहे. जिना चढताना गायची, उतरताना गायची, आणि मधल्या वेळात खायची. मग या वर्षी हळूहळू आवाज बसत गेला. म्हणजे घशाने नाही, मनाने. आधी पावावरचं लोणी गेलं, मग पाव गेला, मग 'मला शाळेतच भूक लागत नाही' सुरू झालं. उन्हाळ्यात जाड लोकरीचा स्वेटर घालून फिरायला लागली. दुकानातल्या उंच आरशासमोर आडवी उभी राहायची. (आडवी म्हणजे कुशीवरून. चेहरा बघायला कोणी आडवं उभं राहत नाही, हे सेहेचाळीस वर्षं टेलरकी केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.) मी एकदा तिच्या खांद्यावरून फोनात डोकावलो. एक बाई बाटलीच्या गळ्याएवढी कंबर घेऊन हिरवं पाणी पीत होती आणि कसलंच दुःख नसल्यासारखी हसत होती. मी म्हटलं, हिला कपडे शिवायचे तर अर्ध्या मीटरात भागेल. आपली नात हसली नाही. फोन पालथा घातला आणि निघून गेली.

तुला माहीत आहे, मी शाळा सातवीत सोडली. त्यामुळे पुस्तकावर माझा फार विश्वास. वाचनालयात जाऊन वयात येणाऱ्या मुलांच्या मनावर लिहिलेलं एक जाडजूड पुस्तक आणलं. शेजारी शब्दकोश ठेवून चाळीस पानं वाचली. त्यात लिहिलं होतं की या वयातल्या मुलांच्या मनावर घर, सोबती, पडद्यावरची माणसं आणि एकूण समाज, सगळ्यांचा दाब असतो. हे मला पटलं. दाब मला कळतो, माझा अर्धा दिवस इस्त्रीत जातो. पण हा दाब काढायचा कसा, ते बहुधा एक्केचाळिसाव्या पानावर असावं. मी तेवढ्या शिदोरीवरच पोरीला जेवणाच्या टेबलाशी बसवून अर्धा तास व्याख्यान दिलं. तिने शांतपणे ऐकलं, ताट तसंच ठेवलं आणि म्हणाली, "आजोबा, झालं तुमचं?" तुझी भावजय म्हणाली, "अहो, ती पोर आहे, पडदा नाही, ओढून सरळ करायला."

मग एक दिवस मला दिसलं. सकाळी दुकान उघडायच्या आधी ती मधल्या दाराने खाली यायची, खिळ्यावरची टेप काढायची, श्वास सोडून कंबर मोजायची आणि वहीच्या मागच्या पानावर आकडा लिहायची. (ताई, कंबर मोजताना श्वास आत न ओढणारं गिऱ्हाईक मी आयुष्यात एकच पाहिलं, आणि तो खुर्चीत झोपला होता. ही मात्र श्वास सोडून मोजायची. म्हणजे स्वतःला सवलतसुद्धा द्यायची नाही. ते बघून मला जास्त वाईट वाटलं.) सत्तावीस आला की दिवसभर तोंड पाडलेलं. पावणेसत्तावीस आला की निदान 'येते हं' म्हणून जायची. एका पाव इंचावर आमच्या घराचं हवामान ठरायला लागलं.

इथे तुझ्या भावाने डोकं चालवलं. खिळ्यावरची टेप जुनी, कापडी. अशी टेप वापरून वापरून ताणली जाते आणि मग आकडा कमी दाखवते. आमच्या धंद्यात हे पोरासोरांनाही ठाऊक असतं, म्हणून मी कापडावर आखणी करताना टेप वापरतच नाही, मेजाच्या कडेला ठोकलेली पितळी पट्टी वापरतो. मी विचार केला, पोरगी ताणता येत नाही, टेप तर ताणता येईल! दुपारी दुकान बंद असताना टेप ओली करायची, वरचं टोक खुंटीला बांधायचं, खालच्या टोकाला जुनी लोखंडी इस्त्री लटकवायची. रोज थोडा वेळच. एकदम ताणली असती तर तिला संशय आला असता; कोणाची कंबर एका रात्रीत दीड इंच उतरत नाही. मी हिशेबाने उतरवली. रोज एक धागाभर. आठ दिवसांत तुझी नात सत्तावीसची साडेपंचवीस झाली, आणि कोणी जेवून बारीक झालेलं असेल तर ती झाली, कारण आकडा उतरायला लागल्याबरोबर ती जेवायला लागली! नवव्या दिवशी तिने जिन्यात गाणं म्हटलं. मी तुझ्या भावजयीला सगळी युक्ती अभिमानाने सांगितली. मला वाटलं होतं शाबासकी मिळेल. ती म्हणाली, "पोरीला खोट्या आकड्यावर जेवायला शिकवलंत. आता इस्त्री किती दिवस टांगणार आहात? लग्नापर्यंत?"

बायकोचं बोलणं लगेच पटतं असा नवरा मी नाही; मला तीन दिवस लागले. टेप आणखी ताणली तर विरली असती, म्हणून मी थांबलो. टेप थांबली, आकडा थांबला, आणि पोरीला वाटलं आपण कुठेतरी कमी पडतोय. साडेपंचवीसवरून पुढे जात नाही म्हणून तिने आधी रात्रीचं जेवण सोडलं, मग दुपारचा डबा जसाच्या तसा परत यायला लागला. एक दिवस शाळेत गाण्याच्या तासाला तिला घेरी आली आणि ती मटकन खाली बसली. गाण्याच्या बाई तिला स्वतः घरी घेऊन आल्या. ताई, त्या वेळी माझी पाचावर धारण बसली होती, ते आता हसत लिहितोय म्हणून तुला खरं वाटणार नाही. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, रक्त ठीक आहे म्हणाल्या, तिला वेळेवर जेवू घाला म्हणाल्या, आणि माझ्याकडे असं पाहिलं जणू मीच तिचा घास काढून घेतो. तशी काही त्यांची चूक नव्हती. तेव्हाच मी कबूल करायला हवं होतं. पण मला वाटलं, या पोरीला आत्ताच्या आत्ता सांगितलं की तू साडेपंचवीसची नाहीस, सत्तावीसचीच आहेस, आणि आजोबांनी तुला फसवलं, तर ती उरलेला घासही टाकील. मी गप्प बसलो. भित्रा माणूस स्वतःच्या भित्रेपणाला माया म्हणतो, तसं मी म्हटलं.

त्याच गाण्याच्या बाईंनी जाताना दुकानात बघून विचारलं, मास्तर, तुमच्या नातीसकट आमच्या बावीस मुलींचं गाण्याचं पथक स्पर्धेला जातंय, गडद निळी जाकिटं शिवाल का, अंगाबरोबर बसणारी, बिनबाह्यांची? मी हो म्हटलं. पण म्हाताऱ्या टेलरला माप द्यायला मुली लाजतात. तेव्हा बाईच म्हणाल्या, तुमची नातच मापं घेऊ दे की, तिलाही जरा बरं वाटेल. आणि तिला खरंच बरं वाटलं! मी कापड आणायला बाजारात गेलो होतो. ती खिळ्यावरची टेप घेऊन शाळेत गेली आणि संध्याकाळी सुंदर अक्षरात बावीस जणींची यादी घेऊन आली. छाती, कंबर, उंची, सगळं रेघा आखून. पोरगी मनापासून काम करते हे बघून मला इतकं भरून आलं की ती कुठल्या टेपने करते हे विचारायचं राहूनच गेलं.

आता तू विचारशील, सेहेचाळीस वर्षांच्या डोळ्याला कळलं नाही का? कळलं ना! यादी वाचून मी तुझ्या भावजयीला हाक मारली आणि म्हटलं, बघ, बघ, एकूण एक पोरगी वाळलेली आहे, या फोनने पिढीच्या पिढी सुकवली. पुस्तकातली तीन वाक्यंसुद्धा ऐकवली. आणि मग जगाची चिंता करत करत पितळी पट्टीवर त्या मापांनी बावीस जाकिटं कापली.

शिवून पाठवली. दोन दिवस कोणी काही बोललं नाही. (जाकीट बसलं की लोक काही बोलत नाहीत, म्हणून मी निर्धास्त.) तिसऱ्या दिवशी गाण्याच्या बाई दुकानात आल्या आणि उभ्यानेच म्हणाल्या, "मास्तर, माझ्या मुली गात नाहीयेत. डबे उघडत नाहीयेत. काय केलंत?" काय झालं होतं ते त्यांनी सांगितलं. एकीचंही बटण लागत नव्हतं. पण बावीसपैकी एकही पोरगी हे बोलली नाही! कोणी म्हणे गरम होतंय, स्पर्धेच्या दिवशीच घालीन. कोणी म्हणे घरी विसरले. एकीने जाकीट पोटाशी धरून, थंडी वाजतेय असं सांगितलं. एकामागून एक स्वच्छतागृहात जायची, दोन मिनिटांनी लाल डोळ्यांनी बाहेर यायची. प्रत्येकीला वाटत होतं की बाकीच्या एकवीस जणींना बसलंय आणि आपल्यालाच बसत नाही. आणि आपली नात? तिला तिचंही बसलं नाही. तिने तर मापं स्वतःच घेतलेली. तिला वाटलं आठवडाभरात आपण दीड इंच सुटलो. ती बाईंना म्हणाली की मला पथकातून काढा.

ताई, मी हातातली कात्री खाली ठेवली. एका पोरीला खोटा आकडा दिला होता, तो बावीस घरांत जाऊन बसला होता. मी खिळ्यावरची टेप खिशात घातली आणि बाईंबरोबर शाळेत गेलो.

गाण्याच्या खोलीत सगळ्या पियानोभोवती उभ्या होत्या. आपली नात मागे, खिडकीशी, स्वेटर घालून. लग्नात भाषण करायला सांगितलं तरी मी पळून जातो. मी सरळ टेप पियानोवर पसरली आणि फळ्याजवळची लाकडी फूटपट्टी तिच्याशेजारी ठेवली. म्हटलं, तुम्हीच बघा. फूटपट्टी संपली तरी टेपवरचे बारा इंच संपेनात. पहिल्या रांगेतली एक चष्मेवाली खाली वाकली, पुन्हा वाकली, आणि म्हणाली, "अय्या, म्हणजे आम्ही जाड नाही झालो? टेप वाढली?" मी म्हटलं, टेप वाढली नाही, मी वाढवली. आणि सगळं सांगितलं. इस्त्रीसकट.

मग मागून कोणीतरी म्हणालं, "मी तीन दिवस नुसत्या काकड्या खाल्ल्या!" "तू पण? मला वाटलं माझ्या एकटीचंच बटण..." "तुझं लागलं होतं ना? तू तर मिरवत होतीस!" "मिरवत कुठे, श्वास कोंडून उभी होते बाई!" आणि ज्या हसत सुटल्या, ताई, त्या हसता हसता रडायला लागल्या आणि रडता रडता बोलायला लागल्या. कोणाला मावशी, कोणाला भाऊ, कोणाला पोहण्याचे मास्तर, कोणाला फोनातली अनोळखी माणसं काय काय बोलली होती. एकीला तर वजनकाट्यावर उभं करून घरच्यांनी फोटो काढला होता, गंमत म्हणून. मी छोट्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसलो होतो. ज्या पुस्तकाची चाळीस पानं मी शब्दकोश घेऊन वाचली, ते पुस्तक त्या खोलीत बावीस आवाजांत चालू होतं, आणि एकही शब्द अडत नव्हता.

आपली नात मात्र हसली नाही. घरी येताना सगळा रस्ता माझ्या दोन पावलं पुढे चालली. वळणाशी थांबली आणि म्हणाली, "तुम्ही मला फसवलंत." मी म्हटलं, हो. "मी तुमच्यावर विश्वास ठेवून जेवत होते." मी म्हटलं, हो. मला वाटलं, ही आता बॅग भरणार. ती म्हणाली, "आजोबा, आठ दिवस रोज इस्त्री टांगत होता? ती जड इस्त्री? पाठीने धड वाकता येत नाही तुम्हाला!" आणि तिच्या तोंडून एक फुर्रर्र असा आवाज निघाला. तो हसण्याचा होता हे मला दोन पावलं गेल्यावर कळलं. माझे डोळे भरून आले; मी म्हटलं धूळ गेली.

पुढे काय, बावीस जाकिटं परत दुकानात. वाढत्या वयाच्या मुलांचं काहीही शिवताना मी शिवणीच्या आत भरपूर कापड दुमडून ठेवतो, म्हणून निभावलं. पण उसवायला हात हवेत. रोज शाळा सुटल्यावर चार-पाच पोरी यायच्या, जमिनीवर बसून टाके कापायच्या, आणि त्यांच्यामध्ये मी, वाकून. (पाठीचं कारण ते हे.) एकीने विचारलं, एवढं कापड आत का लपवता? मी म्हटलं, अंग वाढणारच असतं, कापडाने आधीच तयारीत राहावं. सगळ्यांच्या कात्र्या थांबल्या. मला वाटलं मी काहीतरी मोठं बोलून गेलो. तेवढ्यात तुझी भावजय सुपाचं भांडं घेऊन आत आली आणि म्हणाली, "हे वाक्य ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतात, मनावर घेऊ नका, सूप घ्या." उसवायच्या कामाने भूक लागते, हे मला ठाऊक होतं, इतकी लागते हे ठाऊक नव्हतं. आपल्या नातीने डाव्या हाताने जाकीट धरलं होतं, उजव्या हातात पाव होता, तोंडाने कोणाची तरी नक्कल चालली होती. आपण खातोय हे तिच्या लक्षातच नव्हतं. मी आणि तुझ्या भावजयीने एकमेकांकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं.

स्पर्धा झाली. पथक तिसरं आलं. (चार पथकं होती.) वरच्या सुरात मागच्या रांगेतलं एक बटण उडून परीक्षकांच्या टेबलावर पडलं, ते माझ्या दोऱ्याचा दोष, पोरीचा नाही, असं मी उभं राहून मोठ्याने सांगितलं, तेव्हा बाईंनी मला खाली बसवलं. सगळं कायमचं मिटलं असं मी तुला लिहिणार नाही. कधीकधी ती अजून आरशासमोर कुशीवरून उभी राहते. शाळेने एक समुपदेशक बाई गाठून दिल्या आहेत, त्यांच्याकडे दर आठवड्याला जाते, आणि आल्यावर 'काय बोललात?' असं विचारलं की "तुमच्याबद्दल" म्हणते. पण जिन्यात आवाज परत आला आहे. स्वेटर कपाटात गेला आहे. हे वाचून तूही एक मोठा श्वास सोड.

तुझा धाकटा,
टेलर (पुढच्या पत्रावर 'चिरंजीव' चालेल)

ता. क. तुझ्या राखाडी कोटाचा फाटका खिसा शिवून ठेवला आहे. पुढच्या महिन्यात येशील तेव्हा घेऊन जा.

दुसरा ता. क. ताई, एक गोष्ट मी वर गाळली, आणि खरं तर तेवढ्याचसाठी हे एवढं लांबलचक पत्र लिहिलं. उसवायला बसलेल्या पोरी कोण काय बोललं ते सांगत होत्या तेव्हा आपल्या नातीनेही सांगितलं, मान वर न करता. म्हणाली, "सुट्टीत आजीकडे गेले, तेव्हा आजी दारातच म्हणाली, अगं बाई, केवढी सुटलीस! मग जवळ घेतलं. पण आधी ते म्हणाली." ताई, तू मायेनेच म्हणालीस. आपल्या आईने तुला हेच म्हटलं असेल. आणि मी तिची बॅग धरून तिच्या मागे उभा होतो, मी हसलो होतो. तेही तिला आठवतं. तू मला लहानाचं मोठं केलंस, तुला सांगण्याचा मला अधिकार नाही, म्हणून विनंती करतो. पुढच्या महिन्यात ती तुला दारात दिसेल. सुटलीस नको, वाळलीस नको, 'आता कशी छान दिसतेस' तर मुळीच नको. आधी जवळ घे. मग गाण्याबद्दल विचार, नाहीतर माझी टिंगल कर. ते तिला फार आवडतं.

तिसरा ता. क. इतक्या वर्षांची सवय, शब्द ओठावर येईलच, हे मी जाणतो. त्यावर तुझ्या भावजयीने उपाय काढला आहे: जिभेवर आलं की पाण्याचा घोट घ्यायचा आणि पोरगी समोरून जाईपर्यंत गिळायचा नाही. गुण येतो. मी सध्या दिवसाला अकरा पेले पाणी पितो.